न चावता केलेली शिकार

मंडळी, इंदूरात मेंढरांच्या कुत्र्यावर बोलायचं म्हणजे घरचाच विषय. मल्हारराव होळकर होळ गावच्या धनगराचे चिरंजीव, कुलदैवत खंडोबा, आणि खंडोबाबरोबर घोडा असतो तसा कुत्राही असतो. पण धनगराचा कुत्रा राखणदार. रात्री लांडगा आला की अंगावर जायचं, हे त्याचं काम. कळप धनगराच्या हाळीवर चालतो. मी आज बोलणार आहे ते बॉर्डर कॉलीबद्दल, इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ भागातल्या कुत्र्याबद्दल. तो मेंढरं राखत नाही, वळतो.

दिसायला मध्यम चणीचा, खांद्यापाशी साधारण 50 सेंटीमीटर, वजन 15 ते 20 किलो. बहुतेक काळे, गळ्याला, पायांना आणि शेपटीच्या टोकाला पांढरे. एक कान उभा, एक पडका, असंही चालतं. मेंढपाळाने रूप पाहिलंच नाही हो, काम पाहिलं! म्हणून फोटोवरून हा कुत्रा कळत नाही, चालताना बघावा लागतो. मान खाली, शेपूट खाली, मांजर चिमणीवर जातं तशी दबकी पावलं. मध्येच थांबतो, एक पाय तसाच हवेत. आणि नजर मेंढीवर रोखलेली. तिकडे त्याला नुसतं ‘आय’ म्हणतात, डोळा. मेंढी त्या नजरेनेच वळते.

आता हे आलं कुठून? लांडग्याची शिकार आठवा: हेरणं, दबा धरणं, पाठलाग, आणि चावा. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पहिल्या तीन गोष्टी ठेवल्या, चौथी दाबून टाकली.

नॉर्थम्बरलंडच्या अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे 1893 साली हेम्प नावाचं पिल्लू जन्मलं. बाप रॉय मोकळ्या स्वभावाचा, आई मेग लाजरी, पण नजर अशी कडक की मेंढीबरोबर ती स्वतःही थिजायची. हेम्पमध्ये दोन्ही बेताने उतरलं. गुपचूप, न भुंकता काम करायचा. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींचं मूळ त्याच्यापर्यंत जातं.

स्वभाव हुशार, तितकाच हळवा. मालकाचा आवाज चढला की कोपऱ्यात जाऊन बसणारा. आणि रिकामपण? ते त्याला अजिबात सोसत नाही. काम नसलं की स्कूटरींमागे धावेल, भिंतीवरच्या सावल्या हेरत बसेल. ‘दिसतो छान’ म्हणून फ्लॅटमध्ये आणणाऱ्यांचा मला राग येतो, तो यासाठी. वर आपला मे महिना चाळिशी ओलांडणारा, आणि ह्याच्या अंगावर केसांचे दोन थर. ते भादरू मात्र नका, उन्हापासून त्याचा आडोसा तोच.

आमच्या ओळखीच्या एका घरी असा कुत्रा आहे. नातवाचा वाढदिवस होता, दहा-बारा पोरं घरभर उंडारत होती. कुणी भुंकणं ऐकलं नाही, कुणाला ओरखडा नाही. वहिनी केक घेऊन आल्या तर सगळी पोरं सोफ्यामागच्या कोपऱ्यात घोळक्याने उभी, आणि समोर हे महाशय पोट जमिनीला टेकवून, टक लावून बसलेले.