पत्राच्या पाठीवरची भाषा

पेरूचा उत्तर किनारा. एका बाजूला प्रशांत महासागर, दुसऱ्या बाजूला वाळवंट. पाऊस इथं क्वचितच पडतो, म्हणून कागद टिकतो.

चिकामाच्या खोऱ्यात एल ब्रुखो म्हणून जागा आहे. मोचे लोकांचं मातीच्या विटांचं प्राचीन देवस्थान तिथं उभं आहे. त्याच्याशेजारी स्पॅनिश राज्यात माग्दालेना दे काओ हे गाव वसलं, डॉमिनिकन पाद्र्यांचं चर्च उभं राहिलं. पुढं ते चर्च कोसळलं आणि आतले कागद मातीखाली गाडले गेले. 2008 साली पुरातत्त्वज्ञ जेफ्री क्विल्टर यांच्या पथकाला त्यांतलंच एक पत्र मिळालं. 17व्या शतकाच्या सुरुवातीचं, स्पॅनिशमध्ये लिहिलेलं.

पण गंमत आहे ती पत्राच्या पाठीवर.

तिथं कुणीतरी मोजणी उतरवून ठेवली आहे. ऊनो, दोस, त्रेस हे तीन शब्द अक्षरात. मग कंटाळा आला असावा, कारण 4 पासून नुसते आकडे. आणि प्रत्येकापुढं एक परका शब्द.

चारी. मारियान. आपार. ताउ.

मराठी कान इथं हमखास फसतो. आपल्या चारी दिशा असतात. इथं चारी म्हणजे एकच. आणि 'आपार' हा अपार नाही, मोजून तीन.

सातला 'कान्चेन', शंभराला 'पाचाक'. केचुआ भाषेत सात म्हणजे कान्चिस आणि शंभर म्हणजे पाचाकच. हे शब्द उसने दिसतात. चारी, मारियान मात्र केचुआ नाहीत. शेजारची मोचिका म्हणावी, तर तिचं व्याकरण फेर्नान्दो दे ला कारेरा यांनी 1644 मध्ये छापलं आहे, आणि तिच्यात दोनला 'आपुत' म्हणतात. तीही नाही.

कागदावर भाषेचं नाव नाही. अभ्यासकांचा संशय दोघींवर: किंग्नाम, किंवा जुन्या दप्तरांत जिला 'पेस्कादोरा' म्हटलंय ती, कोळ्यांची बोली. दोन्ही केव्हाच बोलायच्या थांबल्या.

10 नंतर लिहिणाऱ्यानं उड्या मारल्यात. 21, 30, 100, 200. बस्स. तीस आहे 'आपार बेंकोर', म्हणजे तीन दहा. दोनशे, 'मारी पाचाक'.

चाळीस त्यानं लिहिलेच नाहीत. पण आता तुम्हालाही अंदाजानं म्हणता येतील.

ताउ बेंकोर.