पहाटेच्या आत छप्पर

(दृश्य: डर्बन शहर. लाल टी-शर्ट घातलेल्या माणसांची लांबलचक रांग, त्यात बायका पुष्कळ.)

२७ एप्रिल. दक्षिण आफ्रिकेचा स्वातंत्र्यदिन. १९९४ साली याच दिवशी तिथं पहिल्यांदा सगळ्या वर्णांच्या लोकांनी एकत्र मतदान केलं. डर्बनच्या झोपडपट्ट्यांमधली ही माणसं मात्र २००६ पासून हा दिवस 'अस्वातंत्र्य दिन' म्हणून पाळतात. मतपत्रिका हाती आली. रात्री निर्धास्त झोपता येईल अशी जागा आली नाही.

त्यांच्या संघटनेचं नाव अबाहलाली बासेम्जोंडोलो. झुलू भाषेत याचा अर्थ, झोपड्यांमध्ये राहणारे.

(दृश्य: डोंगरउतारावर दाटीवाटीनं उभी वस्ती, पलीकडे कचऱ्याचा डोंगर.)

ही केनेडी रोडची वस्ती. क्लेअर इस्टेट या भागात, बिसासर रोडच्या डम्पिंग ग्राउंडला अगदी लागून. वर्णभेदाच्या काळात हा भाग भारतीय वंशाच्या लोकांसाठी राखलेला होता. धुणीभांडी, पेट्रोल पंप, दुकानं अशी पायी जाण्याजोगी कामं इथं आहेत, मुलांच्या शाळा जवळ आहेत, म्हणून लोक इथं राहतात. सरकारी घरं मिळाली तरी बहुधा शहराच्या पार टोकाला मिळतात. तिथून कामावर यायचं तर पगाराचा मोठा हिस्सा गाडीभाड्यातच जातो. 'घर देतो म्हटलं तरी हे लोक हलत नाहीत' अशी तक्रार करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा तरी मांडून पाहावा.

वस्तीजवळची एक मोकळी जागा घरांसाठी देऊ, असं लोकांना वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. २००५ च्या मार्चमध्ये त्या जागेवर बुलडोझर आले. लोकांना वाटलं, घरांचं काम सुरू झालं. चौकशी केली तेव्हा कळलं की जागा वीट कारखान्याला गेली. १९ मार्चला शेकडो लोक उमगेनी रोडवर उतरले, टायर आणि गाद्या पेटवून त्यांनी सहापदरी रस्ता चार तास अडवला. १४ जणांना अटक झाली. त्याच वर्षी आसपासच्या वस्त्या जोडल्या गेल्या आणि संघटना उभी राहिली. तिचे अध्यक्ष एस्बू झिकोडे तेव्हा पेट्रोल पंपावर काम करत होते.

(दृश्य: रात्र. टॉर्चच्या उजेडात पत्रा ठोकणारे हात.)

आता कायदा पाहू, कारण खरी झुंज तिथंच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेचं कलम २६ सांगतं की न्यायालयानं सगळी परिस्थिती विचारात घेऊन आदेश दिल्याशिवाय कोणालाही राहत्या घरातून काढता येणार नाही. १९९८ चा कायदा पुढची पायरी सांगतो. सुनावणीच्या निदान १४ दिवस आधी लेखी नोटीस हवी. म्हातारी माणसं, मुलं, अपंग आणि बाईच्या जिवावर चालणारी घरं यांचा वेगळा विचार हवा. सहा महिन्यांहून जास्त काळ राहिलेल्यांसाठी पर्यायी जमीन आहे का, तेही तपासायला हवं. आदेशाशिवाय घर पाडणं हा गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग झोपड्या आदेशाशिवाय पडतात कशा? पळवाट 'घर' या शब्दात आहे. कोणी राहत नसलेला, अर्धवट सांगाडा हे घर नव्हे, त्यामुळे आदेश लागत नाही, अशी पाडकाम पथकाची भूमिका असते. म्हणून सगळं काही तासांवर येतं. काठ्यांचा कूड करून, दगड भरून, माती लिंपलेली भिंत जास्त टिकते, उन्हात कमी तापते. पण ती वाळायला दिवस लागतात, तेवढी सवड कुठली? मग चार वासे, जुन्या फळ्या, पत्रे, प्लास्टिक. रात्री काम सुरू करायचं, पहाटेच्या आत छप्पर चढवायचं, आणि लगेच आत गादी, स्टोव्ह, पातेली, कपडे न्यायचे. सामानासह आतून फोटो काढायचे. दिवसा कोणीतरी घरात थांबायचं.

गोची इथंच होते. दिवसा सगळे कामावर असतात. पथक नेमकं तेव्हा येतं आणि कुलूप लावलेली झोपडी 'रिकामी' ठरते. वकील गाठून, प्रतिज्ञापत्रं करून उच्च न्यायालयातून मनाई हुकूम आणेपर्यंत पत्रे चेचलेले असतात, वासे मोडलेले असतात. ताबा परत द्या असं न्यायालय म्हणालं तरी परत द्यायला काही उरलेलं नसतं. २००७ च्या श्वाने महापालिकेविरुद्धच्या निकालात सर्वोच्च अपील न्यायालयानं यावर उत्तर दिलं: सामान नष्ट केलं असेल तर नवं सामान आणून निवारे उभे करून द्या.

भाडेकरूंचं दुखणं याहून वेगळं. डर्बनच्या केटो क्रेस्ट भागात २०१३ साली झोपडीच्या मालकांना घरं मिळाली, भाड्यानं राहणारे रस्त्यावर आले.

(दृश्य: वस्तीतून गेलेल्या तारा, पावसानं भिजलेली पायवाट.)

झोपड्यांना वीज देणं डर्बन महापालिकेनं २००१ साली थांबवलं. कारण दिलं खर्चाचं. मग उरली मेणबत्ती आणि रॉकेलचा स्टोव्ह. एक कलंडला की पुठ्ठा आणि प्लास्टिक पेट घेतात, झोपड्यांमध्ये हातभर अंतर, बंबाला आत यायला रस्ता नाही, नळ दूर. म्हणून लोक स्वतः तार ओढतात. उघडा जोड, पावसात पायवाटेवर पडलेली तार, आणि एखाद्या मुलाचा पाय. त्यामुळे जाणकार माणसं तार जमिनीत पुरतात. केनेडी रोड अंधारात असताना शेजारच्या त्याच कचऱ्यातून निघणाऱ्या वायूवर वीजनिर्मिती सुरू झाली, हे विसरता येत नाही.

(दृश्य: जोहान्सबर्ग, घटना न्यायालयाची इमारत.)

२००७ मध्ये डर्बन ज्यात येतं त्या क्वाझुलू-नाताल प्रांतानं झोपडपट्टी निर्मूलनाचा कायदा केला. जमीनमालकांना बेदखलीचे दावे लावायला भाग पाडणारं कलम १६ त्यात होतं. संघटना न्यायालयात गेली, प्रांताच्या उच्च न्यायालयात हरली, वर गेली. १४ ऑक्टोबर २००९ ला घटना न्यायालयानं ते कलम रद्द केलं. पण जिंकलेली माणसं तेव्हा घरी नव्हती. २६ सप्टेंबरच्या रात्री केनेडी रोडवर सशस्त्र हल्ला झाला होता, झिकोडे यांचं घर उद्ध्वस्त झालं होतं, नेते लपून राहत होते. त्या रात्रीच्या प्रकरणात संघटनेच्याच बाजूच्या १२ जणांवर खटला चालला. ते सगळे २०११ मध्ये सुटले.

क्वान्देंगेझी वस्तीत संघटनेच्या नेत्या थुली न्ड्लोवू यांना २९ सप्टेंबर २०१४ ला राहत्या घरी गोळ्या घातल्या गेल्या. २०१६ मध्ये त्या खुनासाठी दोन नगरसेवकांना जन्मठेप झाली. केटो मॅनरमधल्या इखेनाना वस्तीत लोकांनी भाजीचे वाफे, कोंबड्या, दुकान असं सामाईक उभं केलं होतं. २०२२ च्या मार्च ते ऑगस्टमध्ये तिथले संघटनेचे अयांडा न्गिला, नोकुथुला माबासो आणि लिंडोकुह्ले म्न्गुनी मारले गेले.

(दृश्य: टेबलावर एक छापील अर्ज, त्यावर लिहिणारा हात.)

दक्षिण आफ्रिकेत मोर्च्यासाठी सात दिवस आधी नोटीस द्यावी लागते. निमंत्रकाचं नाव, हेतू, मार्ग, वेळ, किती लोक येणार, किती स्वयंसेवक सांभाळणार. नोटीस दिल्यावर २४ तासांत बैठकीला बोलावणं आलं नाही, तर दिलेल्या तपशिलाप्रमाणे मोर्चा काढता येतो. २००५ मध्ये डर्बनच्या फोरमन रोड वस्तीच्या मोर्च्याला बंदी घातली गेली आणि पोलिसांनी लोकांना झोडपलं. फेब्रुवारी २००६ मध्ये मात्र संघटनेनं उच्च न्यायालयातून आदेश आणला आणि लोक चालत शहरात गेले.

अर्जात आणखी एक रकाना असतो. निवेदन द्यायचं असेल तर ते कुठं आणि कोणाच्या हाती देणार, ते त्यात लिहायचं.