जनगणना फेब्रुवारीत, गाव उसाच्या फडात

नमस्कार मंडळी. दिवाळी सरली की बीडच्या वडवणी, धारूर, पाटोदा भागात एकदा फिरून बघा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, सरपण, एखादी शेळी आणि सगळ्यांत वर पोरं. घराला कुलूप. मागं राहिली तर आजी, आणि तिच्याजवळ शाळेतली नातवंडं. बाकीचे गुढीपाडव्यापर्यंत, कधी त्याच्याही पुढं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडतात.

2011 च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची लोकसंख्या घटली. मराठवाड्यातला एकही जिल्हा घटला नाही. म्हणून आपली रिकामी गावं चर्चेतच येत नाहीत.

माणसं जातात का? जमीन कोरडवाहू. वाटण्या होऊन हाती उरलेल्या तुकड्यात कापूस नाहीतर सोयाबीन, आणि तेही पावसाच्या भरवशावर. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आठवत असेलच. पण दुष्काळाइतकीच घट्ट पकड उचलीची आहे. हंगामाआधी मुकादम, म्हणजे कारखान्याला तोडणी मजूर पुरवणारा, नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, आगाऊ पैसे देतो. तीच उचल. लग्न, दवाखाना, खत-बियाणं त्यातच भागतं. उचल फिटली नाही की पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याच टोळीत. पाऊस चांगला झाला तरी सुटका नाही! शिकलेली पोरं वाळूजला, चाकणला कंपन्यांत जातात. ती परत येत नाहीत.

आता माझा मुख्य मुद्दा. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली. ऐन तोडणीत. नियम असा की त्या सगळ्या काळात जो घरी नाही, त्याची नोंद जिथं असेल तिथं व्हायची. म्हणजे वडवणीचा माणूस साखर कारखान्याच्या गावात मोजायचा. तिथल्या कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीवर, प्रगणक (मोजणी करणारा) पोचलाच नाही, तर तो कुठंच नाही! आणि ग्रामपंचायतीचे सदस्य किती, आरोग्य उपकेंद्र मिळणार का, हे लोकसंख्येवरच ठरतं. सपाट भागात उपकेंद्राला पाच हजार लोक दाखवावे लागतात.

पुढची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच आहे, 2027 च्या. त्यामुळं सरपंच, ग्रामसेवकांना माझी कळकळीची विनंती: दिवाळीआधीच्या ग्रामसभेत यादी करा. कोणतं कुटुंब, कोणता मुकादम, कोणता कारखाना. ती यादी तहसीलदारांकडं द्या आणि पोच घ्या. कारखान्याच्या बाजूच्या गावांनाही सांगणं आहे, प्रगणकाला कोपीवर अंधार पडल्यावर पाठवा. पहाटे हे लोक फडात गेलेले असतात.

तुमच्या गावातून यंदा किती कोयते गेले, ते खाली लिहा.