टाकी भरण्याची वाट पाहू नका

श्रोतेहो, नमस्कार.

"आमची सेप्टिक टँक बांधल्यापासून एकदाही उपसावी लागली नाही," असं लोक कौतुकाने सांगतात. मला ते ऐकून काळजीच वाटते. टाकीत मैल्याचा जड भाग तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं पाणी बाहेर जातं. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला की पाण्याला थांबायला जागाच उरत नाही. मग मैलाही पाण्याबरोबर गटारात जातो, तिथून ओढ्यात आणि ओढ्यातून कृष्णेत. घरात काही तुंबत नाही, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. खालच्या गावाला लागतो.

दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसली पाहिजे. आपल्या सातारा जिल्ह्यात वाई नगरपरिषदेने हे मनावर घेतलं. 2018 पासून तिथे वेळापत्रकाप्रमाणे उपशाची गाडी घरोघरी जाते आणि तीन वर्षांत प्रत्येक टाकीची पाळी येते. खर्च करातून भागतो, गाडी दारात आल्यावर वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं, कारण खिशात हात घालायची वेळ आली की काम पुढच्या वर्षावर जातं.

उपसलेल्या गाळात बहुतेक पाणीच असतं. वाईच्या गाळ-प्रक्रिया केंद्रात ते वेगळं काढतात, उरलेला गाळ वाळवतात आणि अगदी कमी हवेत खूप तापवतात. हाती येते कोळशासारखी भुकटी. एवढा खटाटोप जंतांसाठी आहे. जंतांची अंडी मातीत कित्येक महिने तग धरतात, पण त्या उष्णतेत वाचत नाहीत. म्हणून शेतकरी बंधूंनो, खत फुकट मिळतंय म्हणून टँकरमधला कच्चा गाळ रानात ओतून घेऊ नका. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात तर मुळीच नको. अनवाणी खुरपणाऱ्या बाईच्या पायातूनही हुकवर्म नावाचा जंत शरीरात शिरतो.

आणि टाकीत माणूस उतरवू नका, कितीही ओळखीचा असो, कितीही तयार असो. माणसाकडून मैला साफ करवण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने तो गुन्हा आहे. आतला हायड्रोजन सल्फाइड वायू फार झाला की नाकाला वास येणंच बंद होतं; माणसाला वाटतं हवा मोकळी झाली, आणि तो कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो.

अंगणात फरशी बसवत असाल, तर टाकीचं झाकण तिच्याखाली गाडू नका. गाडीचा पाइप तिथूनच आत जातो.