गॅरेजवाल्याचा मुलगा

आधी ही गाडी पाहू या, माणसाकडे नंतर येऊ. त्यालाही हाच क्रम आवडला असता.

लाल, बुटकी, दोन माणसं दाटीवाटीनं बसतील एवढीच. १९२९ सालची ऑस्टिन सेव्हन अल्स्टर. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात, रिमुएरा भागात लेस मॅक्लॅरेन यांचा पेट्रोल पंप होता आणि त्याला लागून गॅरेज. ही गाडी त्यांच्याकडे आली तेव्हा तिचे बरेच भाग सुटे होते. जोडायची आणि विकून चार पैसे कमवायचे, असा साधा हिशेब. पण घरात त्यांचा मुलगा ब्रूस होता, पुढे मॅक्लॅरेन हा शर्यतींचा संघ काढणारा. त्यानं हट्ट धरला, आणि गाडी घरातच राहिली.

हा हट्ट कुणाचा, तेही बघा. ब्रूसला नवव्या वर्षी पर्थेस नावाचा आजार झाला. त्यात खुब्याच्या हाडाला रक्त पुरत नाही आणि हाड झिजत जातं. दोन वर्षं हे पोर मुलांच्या रुग्णालयात पाय ताणून बांधलेल्या अवस्थेत पडून होतं. तिथल्या खाटांना चाकं होती. मुलं त्यांचीही शर्यत लावायची म्हणे! तो बरा झाला, पण डावा पाय आखूडच राहिला. त्याचं ते लंगडत चालणं शेवटपर्यंत गेलं नाही.

बापलेकांनी मिळून ऑस्टिन उभी केली. परसातल्या फळझाडांना वळसे घालत ब्रूस गाडी शिकला. आपल्याकडे लायसन्ससाठी आरटीओत इंग्रजी आठचा आकडा काढायला लावतात ना, अगदी तसेच वळसे. झाडांचं काय झालं, हे आईला विचारायला हवं होतं. १९५२ साली मुरिवाई नावाच्या समुद्रकाठच्या गावी, घाटरस्त्यावरच्या शर्यतीत त्यानं हीच गाडी पळवली.

मुरिवाई हे नाव लक्षात ठेवा.

१९५८ मध्ये न्यूझीलंडमधून शर्यतीच्या ड्रायव्हरसाठीची शिष्यवृत्ती मिळवून तो युरोपात गेला. पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबरला, अमेरिकेत सेब्रिंगच्या शर्यतीत त्याच्याच संघातला जॅक ब्रॅबम पुढे होता. शेवटच्या फेरीत ब्रॅबमच्या गाडीतलं पेट्रोल संपलं. ब्रूस गोंधळला, क्षणभर वेग कमी केला, मग पुढे निघाला आणि जिंकला. वय २२ वर्षं १०४ दिवस. फॉर्म्युला वनमधला सर्वांत तरुण विजेता हा त्याचा मान पुढे २००३ पर्यंत टिकला. ब्रॅबमनं गाडी ढकलत ढकलत शर्यत पुरी केली, चौथा आला.

आता १९६८. बेल्जियममधलं स्पा. या वेळी ब्रूसच्या गाडीवर त्याचंच नाव होतं. पुढे असलेल्या जॅकी स्टुअर्टला अगदी शेवटी पेट्रोलसाठी थांबावं लागलं. ब्रूसनं रेषा ओलांडली, पण आपण जिंकलो हे त्याला माहीतच नव्हतं. गाडीतून उतरायच्या वेळी दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. पंपवाल्याच्या पोराला पेट्रोल असं दोनदा पावलं.

तो त्या काळातला सर्वांत वेगवान ड्रायव्हर होता का? नाही. फॉर्म्युला वनच्या चारच शर्यती त्यानं जिंकल्या. पण गाडीत बसल्यावर तिला नेमकं काय दुखतंय, हे त्याला कळायचं. आणि माणसं त्याच्याजवळ टिकायची. १९६३ मध्ये त्यानं स्वतःचा संघ काढला, तेव्हा लंडनजवळच्या न्यू माल्डनमध्ये त्यांना मिळालेली शेड म्हणजे मातीच्या जमिनीची, रस्ते बांधायच्या यंत्रांशेजारची जागा. ही पोरं तिथेच राबली. कॅनडा आणि अमेरिकेत होणाऱ्या कॅन-ॲम या शर्यतींच्या मालिकेत १९६९ साली ११ शर्यती होत्या. अकराच्या अकरा मॅक्लॅरेनच्या गाड्यांनी जिंकल्या.

घरी पत्नी पॅटी होती, १९६५ मध्ये जन्मलेली लेक अमांडा होती. इंग्लंडमधल्या त्या घराचं नाव काय ठेवलं होतं? मुरिवाई.

रेसच्या गाडीला छप्पर घालून रस्त्यावर आणायची, हे त्याचं नवं वेड. एम-सिक्स जीटी. बुटकी, लाल, आत दोन माणसं दाटीवाटीनं. हे वर्णन आधी ऐकल्यासारखं वाटतं ना? नमुन्याची गाडी तो स्वतःच चालवायचा. विक्रीचा बेत मात्र तडीस गेला नाही.

२ जून १९७०. गुडवुडच्या ट्रॅकवर तो नव्या कॅन-ॲम गाडीची चाचणी घेत होता. भरवेगात मागच्या बॉडीचा भाग सुटला, गाडी हाताबाहेर गेली आणि कडेच्या एका जुन्या चौकीवर आदळली. ब्रूस ३२ वर्षांचा होता. अमांडा चार वर्षांची.

कारखान्यातल्या लोकांना सुट्टी दिली गेली. दुसऱ्या दिवशी सगळे कामावर हजर. बारा दिवसांनी कॅनडातल्या मॉस्पोर्टला त्यांची गाडी धावली, डॅन गर्नी चालवत होता. जिंकली.

आज इंग्लंडमध्ये वोकिंगला मॅक्लॅरेनचं काचेचं भव्य मुख्यालय आहे. आत ओळीनं शर्यती जिंकलेल्या गाड्या उभ्या असतात. त्यांच्यात ही आपली लाल ऑस्टिनही आहे.

लेस यांनी ती विकायला म्हणून घेतली होती.