चिंक्वेचेंतो: एका छोट्या गाडीतून काय काय काढलं

मंडळी, फियाट म्हटलं की आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली गाडी डोळ्यांपुढे येते. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, काळीपिवळी टॅक्सी. ती मुळातली फियाट 1100. तिच्या मागे ज्या अभियंत्याचं डोकं होतं त्याचं नाव दान्ते जाकोझा, आणि आजची आपली गाडीही त्याचीच. इटलीत तिला नुसतं 'चिंक्वेचेंतो' म्हणतात, म्हणजे पाचशे. कागदोपत्री नाव 'नुओवा 500', नवी पाचशे. 'नवी' अशासाठी की 1936 ते 1955 या काळात फियाटची आणखी एक पाचशे होती, जिला लोक लाडाने 'तोपोलीनो', छोटा उंदीर, म्हणत.

नवी पाचशे 4 जुलै 1957 ला तुरीनमध्ये लोकांपुढे आली. लांबी 2.97 मीटर, रुंदी 1.32 मीटर, वजन पाचशे किलोच्या आत. तेव्हाचा इटालियन नोकरदार व्हेस्पा किंवा लांब्रेटावर बायको मागे आणि पोर पुढे उभं करून फिरत होता. त्याला चार चाकं आणि डोक्यावर छप्पर द्यायचं, तेही परवडेल अशा किमतीत. मग गाडीतून काय काय काढता येईल? जाकोझाने खूप काही काढलं. या गाडीची वेगवेगळी मॉडेलं ओळखायची असोत की तिची देखभाल करायची असो, मला एकच किल्ली उपयोगी वाटते: काय काढलंय ते बघा. जे गाडीत नाही, ते काम चालवणाऱ्याच्या अंगावर येतं.

पहिल्यांदा पाणी काढलं. रेडिएटर नाही, पंप नाही, होजपाइप नाहीत. मागच्या बाजूला दोन सिलिंडरचं 479 सीसीचं हवेवर थंड होणारं इंजिन, ताकद 13 अश्वशक्ती. दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जातात, एकाच वेळी खाली येतात, आणि क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला आळीपाळीने एकेक सिलिंडर पेटतो. त्यामुळे गाडी उभी असताना इंजिन गदगदा हलतं. ते हलणं बॉडीत शिरू नये म्हणून इंजिनाची मागची बाजू एका स्प्रिंगवर तोललेली असते. नवख्या माणसाला वाटतं, माउंटिंग तुटलं. तसं काही नसतं, ते तसंच हलायचं.

छताचा पत्राही काढला. पहिल्या गाड्यांचं कापडी छप्पर पुढच्या काचेपासून पार मागपर्यंत उघडायचं, मागची काचसुद्धा त्या कापडातच शिवलेली, प्लास्टिकची. लोकांना वाटतं ही उन्हाळी चैन. पण त्यात पत्र्याची बचत होती, आणि इंजिनाचा आवाज बंद डब्यात ढोलासारखा घुमण्याऐवजी कापडातून बाहेर जायचा.

मात्र पहिल्या वर्षी काढण्याचा अतिरेक झाला. बाजूच्या काचा खाली होत नव्हत्या, मागे धड सीट नव्हतं. विक्री थंड. काही महिन्यांतच फियाटला सुधारित आवृत्ती आणावी लागली, खाली होणाऱ्या काचांसह. माझं मत विचाराल तर ही माघार त्या गाडीच्या इतिहासातली सगळ्यात शहाणी गोष्ट. गरीब माणूस कमी पैसे देतो म्हणून त्याला काच खाली करता येऊ नये, हे त्याला बरोबर खुपतं. 1958 ला 'स्पोर्ट' आली: 499.5 सीसी, 21 अश्वशक्ती, पांढऱ्या अंगावर लाल पट्टा.

आता मॉडेलांकडे येऊ. 1960 ते 1965 ची ती 'डी'. इंजिन 499.5 सीसी, ताकद साडेसतरा अश्वशक्ती, वेग ताशी 95 किलोमीटरपर्यंत. छप्पर अर्धंच उघडतं. दारं मात्र अजून उलटी, म्हणजे बिजागऱ्या मागच्या कडेला. चालत्या गाडीत असं दार चुकून सुटलं तर वारा ते आपटून बंद करण्याऐवजी पूर्ण उघडतो. 1965 ची 'एफ' आली तेव्हा दारं सरळ झाली, बिजागऱ्या पुढे गेल्या. डी आणि एफ यांच्यातला फरक दहा पावलांवरून दिसतो तो असा. 1968 ला 'एल' आली, एल म्हणजे 'लुसो', ऐषारामी. पुढच्या-मागच्या बंपरवर नळीच्या जादा कमानी, आत गालिचा, पाठ मागे कलणारी सीटं, गोल स्पीडोमीटरऐवजी आडवा चौकोनी, आणि त्यात पेट्रोलचा काटा. यंत्र मात्र एफचंच. एलसाठी ज्यादा पैसे मोजताना तुम्ही गालिचाचे पैसे मोजता, एवढं ध्यानात ठेवा.

'जार्दिनिएरा' ही 1960 ची स्टेशन वॅगन. मागे सामान ठेवायचं तर उभं इंजिन आड येतं. म्हणून जाकोझाच्या लोकांनी तेच इंजिन आडवं झोपवलं, सपाट मत्स्यासारखं. इटालियन मेकॅनिक त्याला 'सोल्योला' म्हणतात, हे एका चपट्या माशाचंच नाव. चाकांमधलं अंतर दहा सेंटिमीटरनी वाढवलं, 1.84 चं 1.94 मीटर केलं. पुढे ही गाडी आउतोबियांकी या इटालियन कंपनीच्या नावाने विकली गेली आणि 1977 पर्यंत चालू राहिली. गंमत अशी की साधी पाचशे 1965 लाच सरळ दारांवर आली, पण ही शेवटपर्यंत उलट्या दारांचीच. तेव्हा उलटी दारं दिसली म्हणजे 1965 आधीची गाडी, हा ठोकताळा जार्दिनिएराला लावू नका.

खरेदी करताना विक्रेता काय सांगतो यापेक्षा इंजिनावरचा शिक्का वाचा. डीच्या इंजिनावर 110 डी.000, एफ आणि एलवर 110 एफ.000, जार्दिनिएरावर 120.000, आणि शेवटच्या 'आर'वर 126 ए5.000. इंजिन बदललेल्या गाड्या सर्रास सापडतात. त्यात गैर काही नाही, पण 'मूळ डी' म्हणून डीची किंमत मागितली जात असेल तर शिक्का डीचा हवा. अबार्थच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहावं. तुरीनच्या कार्लो अबार्थने 1963 ला 595 आणि 1964 ला 695 या तेज आवृत्त्या काढल्या. अबार्थचा विंचवाचा बिल्ला आज कुठल्याही पाचशेवर चिकटवता येतो.

भावंडंही आहेत. आउतोबियांकीची 'बियांकीना' म्हणजे याच यंत्रावर चढवलेला जरा नटवा पेहराव. ऑस्ट्रियात ग्राझच्या श्टायर-पुखने बॉडी फियाटची घेतली, पण इंजिन स्वतःचं बसवलं. दोन्ही सिलिंडर एकमेकांच्या विरुद्ध दिशेला आडवे. चढावर तीच सरस. गाड्यांच्या बॉड्या बनवणाऱ्या घियाची 'जॉली' तर वेताच्या सीटांची, बिनदारांची, समुद्रकाठी मिरवायची.

आता देखभाल. इथे थोडा वेळ घेतो.

या इंजिनात नेहमीसारखा बदलायचा ऑइल फिल्टर नाही. त्याची जागा क्रँकच्या टोकावरच्या पुलीने घेतली आहे. ती पुली आतून पोकळ. ऑइल तिच्यातून जाताना गरगर फिरतं आणि जड घाण बाहेरच्या कडेला फेकली जाते, तिथेच थापून बसते. पण ती घाण बाहेर काढायची तर झाकण खोलून खरवडावी लागते, आणि हे काम लोक वर्षानुवर्षं करत नाहीत. शिवाय इंजिनात ऑइल अडीच लिटरसुद्धा मावत नाही, आणि तेच ऑइल इंजिन थंड ठेवायलाही हातभार लावतं. म्हणून ऑइल वरचेवर बदला आणि दर आठवड्याला ऑइल मोजायची काडी काढून पातळी बघा.

थंड करणारा पंखा डायनॅमोच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या, दांड्यावरच बसवलेला आहे, आणि दोन्ही एका पट्ट्यावर फिरतात. मंद गतीत चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणला तर घाबरू नका, डायनॅमोचा तो स्वभाव. पण वेगात असताना लाल दिवा लागला तर ताबडतोब थांबा. पट्टा तुटला असेल तर चार्जिंग तर गेलंच, पंखाही थांबला. 'बॅटरी आहे, घरापर्यंत पोचू' म्हणणारा माणूस पिस्टन चिकटवून घेतो. पट्टा ढिला असेल तर तो ताणण्याची रीतही वेगळी. डायनॅमो सरकवायचा नसतो. डायनॅमोची पुली दोन फाकांची आहे आणि मध्ये पातळ चकत्या आहेत. नट काढा, मधली एक चकती काढून बाहेरच्या बाजूला घाला, पुन्हा आवळा. फाका जवळ आल्या की पट्टा वर चढतो आणि ताणला जातो. अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे. काढलेली चकती फेकू नका. नवा पट्टा घालाल तेव्हा ती परत आत लागणार.

इंजिनाभोवतीचे पत्रे आणि बॉडीला टेकणारी रबरी किनार हीसुद्धा कूलिंगचाच भाग. किनार फाटली की बाहेर टाकलेली गरम हवाच पंखा परत आत ओढतो. गाडी चढावर तापते, लोक कार्बोरेटर खोलतात, आणि दोष असतो त्या रबरात.

केबिनचा हीटर म्हणजे सिलिंडरवरून गेलेली तीच हवा, मधल्या बोगद्यातून पुढे आणलेली. त्यामुळे हीटर उघडल्यावर जळक्या ऑइलचा वास आला तर पुशरॉडच्या, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या, नळ्यांची सीलं बघा, ती या इंजिनात हमखास गळतात. धुराचा वास आला तर मात्र हीटर बंद, काचा खाली, आणि गॅस्केट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. विषारी धूर थेट तुमच्या पायाशी येतो.

टपेटचं अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट, 0.15 मिलिमीटर, इंजिन पूर्ण थंड असताना. दोन्ही पिस्टन एकदमच वर येत असल्यामुळे इथे चूक होते. पिस्टन वर आला म्हणजे झालं असं नाही. ज्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर मोकळे हलतात त्याचे दोन आधी करा, मग क्रँक पूर्ण एक फेरा फिरवून दुसऱ्याचे दोन. घट्ट राहिलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आवाज करत नाही, गुपचूप जळतो. खडखड करणारी पाचशे त्या मानाने सुरक्षित.

स्टार्टरला बटण नाही. दोन सीटांच्या मध्ये जमिनीवर दोन छोटे खटके आहेत, एक चोकचा, दुसरा स्टार्टरचा. स्टार्टरचा खटका वर ओढला की वायर दातेरी चाक पुढे ढकलते आणि मग विजेचा संपर्क जुळतो. वायर ताणून लांबली की चाक अर्धवट अडकतं आणि करकर आवाज येतो. नवा स्टार्टर घेण्याआधी वायर आवळा.

गिअरबॉक्समधून सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना दात्यांचा वेग आपोआप जुळवणारे भाग, काढलेले आहेत. म्हणून खाली येताना डबल क्लच. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, जरा रेस द्या, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाका. स्पीडोमीटरवर लाल खुणा आहेत, पहिला गिअर ताशी 23 पर्यंत, दुसरा 40, तिसरा 65. आज बरेच मालक पाचशेनंतर आलेल्या फियाट 126 चा गिअरबॉक्स बसवतात. त्यात दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत सिंक्रो आहेत, पहिल्याला त्यातही नाही.

पुढच्या बाजूला आडवा कमानपाटा आहे, तोच स्प्रिंग आणि तोच खालचा हात. किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंटीला, ग्रीस निपल आहेत. तिथे ग्रीस दिलं नाही की स्टिअरिंग जड होतं आणि वळल्यावर आपोआप सरळ येत नाही. इंजिन मागे असल्यामुळे टायरमधली हवाही सारखी ठेवायची नाही. पुढे 1.3 बार, मागे 1.6, पूर्ण भार असेल तर मागे 1.9. आपल्याकडच्या पंक्चरवाल्याच्या सवयीने चारी चाकांत 30 पौंड, म्हणजे सुमारे दोन बार, भरलंत तर ओल्या वळणावर शेपूट सुटेल.

पत्रा गंजतो कुठे? पुढच्या डिकीत बॅटरीखाली, पायाखालच्या फरशीत, दारांच्या खालच्या कडेला आणि जॅक लावतात तिथे. रबरी गालिचा उचलून अंगठा दाबून बघा. चकचकीत रंगाला भुलू नका.

2007 ला, बरोबर 4 जुलैलाच, त्याच नावाची नवी गाडी आली. इंजिन पुढे, पाण्याचं, लांबी साडेतीन मीटरच्या वर, बांधणी पोलंडमधल्या तिखी इथे. 2008 ला ती भारतातही आयात होऊन आली, 1.3 मल्टिजेट डिझेल इंजिनाची. त्याच जातीचं इंजिन आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही बनत होतं. गाडी चांगली आहे, पण जुनीचा चेहरा सोडला तर तिच्यात जुनीचं काही नाही.

जुनीचा शेवट 'आर'ने झाला, 1972 ते 1975. 126 बाजारात आली होती, आणि पाचशे तिच्या शेजारी स्वस्त म्हणून ठेवायची होती. म्हणून इंजिन 126 चं, 594 सीसीचं, पण ताकद दाबून 18 अश्वशक्ती केलेली. शेवटच्या गाड्या सिसिलीच्या तेर्मिनी इमेरेझेमध्ये बनल्या. स्पीडोमीटर परत गोल झाला, आणि एलमध्ये दिलेला पेट्रोलचा काटाही काढला. राहिला तो 1957 सारखाच एक छोटा दिवा. तो लागला की टाकीत चारेक लिटर उरलेलं असतं, आणि पंप शोधायचं काम तुमचं.