आवाज पंख्याचा, मूळ उष्णतेत

कंप्युटरचा आवाज कमी करायचा म्हणून लोक प्रोसेसरचा कूलर बदलतात, कॅबिनेटचे पंखे बदलतात, आणि तरी टेबलाखालून एक घरघर येतच राहते. पुष्कळदा ती पॉवर सप्लायची असते. तिथला पंखा आपल्या हाताबाहेरचा. मदरबोर्डच्या सेटिंगमधून बाकीच्या पंख्यांचा वेग कमी करता येतो, पण पॉवर सप्लाय आपला पंखा बहुतेक स्वतःच चालवतो. म्हणून इथे विचार करायचा तो खरेदीच्या आधी.

हा पंखा फिरतो कशासाठी? भिंतीतल्या सॉकेटमधून येणारी एसी वीज पॉवर सप्लाय १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या डीसीमध्ये बदलतो. या बदलात जी वीज वाया जाते, तिची उष्णता होते. समजा तुमच्या मशीनला ३०० वॉट लागतात. कार्यक्षमता ८२ टक्के असेल तर सॉकेटमधून सुमारे ३६६ वॉट ओढले जातील, म्हणजे ६६ वॉटची उष्णता त्या छोट्या डब्यात. कार्यक्षमता ९० टक्के असेल तर ३३३ वॉट, म्हणजे उष्णता ३३ वॉट. आठ टक्क्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण उष्णता निम्म्यावर येते आणि पंख्याचं काम तेवढं हलकं होतं. आता ९४ टक्क्यांवर जा. उष्णता १९ वॉट. म्हणजे आणखी चौदाच वॉट वाचले, आणि किंमत मात्र चांगलीच चढलेली. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: बेताच्या खर्चात शांतता हवी असेल तर कार्यक्षमतेच्या ‘गोल्ड’ शिक्क्यापाशी थांबा. त्यावरचे प्लॅटिनम आणि टायटॅनियम उत्तमच आहेत, पण तुमचा पैसा दुसरीकडे जास्त उपयोगी पडेल.

गोल्ड, ब्रॉन्झ हे शिक्के कार्यक्षमता तपासणाऱ्या ‘८० प्लस’ या योजनेचे. ती २००४ मध्ये सुरू झाली. ११५ व्होल्टच्या चाचणीत गोल्डला २०, ५० आणि १०० टक्के भारावर (म्हणजे आपल्या क्षमतेच्या तेवढे टक्के वीज देताना) अनुक्रमे ८७, ९० आणि ८७ टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. ब्रॉन्झला ८२, ८५, ८२. पण या चाचणीत आवाज मोजतच नाहीत! गोल्डचा शिक्का असलेले दोन पॉवर सप्लाय शेजारी ठेवले तर एक अगदी गप्प आणि दुसरा चक्क गोंगाट करणारा निघू शकतो, कारण पंखा कोणता बसवायचा आणि किती जोरात फिरवायचा हे कंपनी ठरवते. आवाजाची वेगळी प्रतवारी सायबेनेटिक्स ही संस्था करते. त्या प्रतवारीचं नाव लॅम्डा. सरासरी आवाज १५ डेसिबलच्या खाली असेल तर ए प्लस प्लस, १५ ते २० असेल तर ए प्लस, २० ते २५ असेल तर ए. एक लक्षात घ्या, ही सरासरी कमी भारापासून जास्त भारापर्यंतची आहे. तुमचं मशीन दिवसभर कमी भारावरच चालत असेल, तर एक पायरी खालचा पॉवर सप्लायसुद्धा तुम्हाला ऐकू येणार नाही.

आता क्षमता. इथे लोक सर्वाधिक पैसे वाया घालवतात. ११५ वॉटचं ग्राफिक्स कार्ड, पूर्ण ताणात ८८ वॉट घेणारा मध्यम प्रोसेसर, आणि मदरबोर्ड, मेमरी, ड्राइव्ह, पंखे मिळून धरा ५० वॉट. बेरीज अडीचशेच्या आसपास. याला ५५० वॉटचा चांगला पॉवर सप्लाय भरपूर झाला. तो निम्म्या भारावर चालेल, जिथे कार्यक्षमता सर्वात चांगली असते आणि पंखा संथ. साडेआठशे वॉटचा घ्यायची गरज नाही. अगदी काठोकाठही घेऊ नका, कारण ग्राफिक्स कार्डं क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात. पॉवर सप्लायसाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात असे झटके सोसण्याच्या अटी घातल्या आहेत, तेव्हा मोठं कार्ड असेल तर त्या किंवा त्यानंतरच्या मानकाचाच पॉवर सप्लाय घ्या.

पंख्याचं गणित सोपं आहे. मोठा पंखा कमी वेगात तेवढीच हवा हलवतो, आणि वेग निम्मा झाला की आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो. म्हणून १२० किंवा १४० मिलिमीटरचा बघा. बेअरिंग फ्लुइड डायनॅमिक, म्हणजे तेलाच्या पातळ थरावर फिरणारं, असेल तर उत्तम; साधं स्लीव्ह बेअरिंग सुरुवातीला शांत असतं, पण झिजलं की कुरकुरतं.

कमी भारावर पंखा पूर्ण बंद ठेवणारे मॉडेलही मिळतात. कागदावर हे आदर्श वाटतं. पण पंखा दर थोड्या वेळाने चालू-बंद होत राहिला तर तो सतत फिरणाऱ्या संथ पंख्यापेक्षा जास्त त्रास देतो. छताच्या पंख्याखाली आपण गाढ झोपतो, गळक्या नळाने मात्र जाग येते. मला विचाराल तर मिनिटाला पाचशे-सहाशे फेऱ्यांनी अखंड फिरणारा पंखा बरा. आतले भागही थंड राहतात. कपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाचं, तापमान दहा अंशांनी उतरलं की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं.

कधी पंखा थांबलेला असूनही बारीक चिरका आवाज येतो. तो कॉइलच्या, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्याच्या, कंपनांचा. ग्राफिक्स कार्डातूनही तो येतो, त्यामुळे आधी कान लावून खात्री करा. पॉवर सप्लायच असेल तर बदलून मागा.

पैसे वाचवायचे तर सुट्या होणाऱ्या केबल, दिवे आणि जादा वॉट यांवर वाचवा. शॉर्ट सर्किट, जादा व्होल्टेज, जादा करंट आणि जादा तापमान यांपासूनचं संरक्षण आणि १०५ अंशांपर्यंत चालणारे कपॅसिटर, यांत तडजोड नको. वॉरंटीची वर्षंही बघा. आपल्या मालावर भरवसा नसलेली कंपनी दहा वर्षं लिहून देत नाही. आणि केबल सुट्या होणाऱ्या असतील तर जुन्या पॉवर सप्लायच्या केबल नव्याला कधीही जोडू नका. पॉवर सप्लायच्या बाजूच्या पिनांची रचना प्रमाणित नसते. खाच जुळते, पण आतली जोडणी वेगळी असल्याने मदरबोर्ड किंवा ड्राइव्ह क्षणात जळू शकतात.

कुणी विचारेल, जुन्या पॉवर सप्लायचा पंखाच बदलला तर? नको. आतल्या मुख्य कपॅसिटरमध्ये जवळजवळ ४०० व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकू शकतो. शिवाय तो पंखा त्या डब्यातल्या उष्णतेच्या हिशोबाने निवडलेला असतो. दुसरा बसवला तर आवाज कमी होईल, पण हवा पुरेशी जाते की नाही हे बाहेरून कळणार नाही. डबा बंद ठेवूनच तळाची जाळी स्वच्छ करा. कॅबिनेटच्या तळाला छिद्रं असतील तर पंखा खाली तोंड करून बसवा, म्हणजे त्याला ग्राफिक्स कार्डाची गरम हवा ओढावी लागणार नाही. कॅबिनेट गालिच्यावर ठेवलेलं असेल तर मात्र आधी त्याखाली फळी सरकवा.